समुद्र नसलेली बेटं

घरातल्या कुणाचा तरी मोबाइल पाच मिनिटं मागून घ्या आणि त्यावर उपग्रहातून दिसणारा नकाशा उघडा. पुण्याहून निघायचं. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड असं बोटाने पश्चिमेला सरकत जायचं. मुळशी धरणाचं पसरलेलं निळं पाणी लागलं की वेग कमी करा, कारण त्याच्या आसपास आणि पुढे ताम्हिणी घाटाकडे आपल्याला एक गोष्ट शोधायची आहे. चित्र उन्हाळ्यातलं असेल तर फारच उत्तम. डोंगरांचे उतार पिवळे पडलेले, भातखाचरं रिकामी, आणि त्यात मधेच एखादा गच्च हिरवा ठिपका. गावापासून जरा वर, बऱ्याचदा ओढ्याच्या कडेला. आणखी जवळ गेलात तर ठिपक्याच्या आत एखादं छप्परही दिसेल. ते देवळाचं.

ही देवराई. देवाच्या नावाने राखलेलं रान. कुठे वाघजाईचं, कुठे काळकाईचं, कुठे भैरवनाथाचं. ताम्हिणी गावात विंझाई देवीचं देऊळ आहे, तिथेही असं रान आहे.

आणि माझं म्हणणं असं, की हा प्रत्येक ठिपका म्हणजे एक बेट आहे.

“बेट? मग समुद्र कुठाय?” असं विचाराल. समुद्र आहे की! फक्त त्यात पाणी नाही. भातखाचरं, उघडा माळ, डांबरी रस्ता, तारेचं कुंपण घातलेले बंगल्यांचे प्लॉट, हॉटेलाची गाड्या लावायची जागा हे सगळं मिळून तो समुद्र झालेला आहे. पटत नसेल तर शेकरूला विचारा. शेकरू म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तांबूस रंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. ताम्हिणीच्या अभयारण्यात ती राहते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर वीसेक फुटांची उडी ती सहज मारते, पण जमिनीवर उतरायचं म्हटलं की तिच्या जिवावर येतं. तिचं सगळं आयुष्य फांद्यांवर जातं. दोन देवरायांच्या मधे नुसता माळ असेल, तर पलीकडची देवराई तिच्यासाठी कोकणातून दिसणाऱ्या आफ्रिकेइतकी लांब. म्हणजे दिसतच नाही.

शेकरूला निदान पाय तरी आहेत. झाडाने काय करायचं?

खऱ्या समुद्रातल्या खऱ्या बेटावर झाडं जातात तरी कशी, हे शास्त्रज्ञांना एकदा अगदी डोळ्यांदेखत बघायला मिळालं. इंडोनेशियात जावा आणि सुमात्रा या मोठ्या बेटांच्या मधे क्राकाटोआ नावाचं एक ज्वालामुखीचं बेट होतं. २७ ऑगस्ट १८८३ रोजी ते फुटलं. आवाज केवढा, तर हिंदी महासागरात सुमारे ४८०० किलोमीटर लांब असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर लोकांना वाटलं की कुठेतरी तोफा उडतायत. त्सुनामी लाटांनी जावा-सुमात्राच्या किनाऱ्यावरची गावंच्या गावं धुऊन नेली, छत्तीस हजारांहून जास्त माणसं गेली. बेटाचा मोठा भाग समुद्रात बुडाला. जो उरला त्यावर तापलेल्या राखेचा जाड थर बसला. गवताचं पातंही नाही.

नऊ महिन्यांनी एक शास्त्रज्ञ तिथे उतरला. त्याला किती जीव सापडले? एक. एक बारीकसा कोळी! रेशमाच्या धाग्याला लटकून, वाऱ्यावर उडत आला असणार. येऊन जाळं विणायच्या तयारीत होता बिचारा, आणि त्या जाळ्यात अडकायला अख्ख्या बेटावर कुणी नव्हतं.

तिसऱ्या वर्षी, १८८६ मध्ये, मेल्चिओर ट्रोइब नावाचे वनस्पतीशास्त्रज्ञ गेले तेव्हा राखेवर शेवाळाची बुळबुळीत साय धरली होती आणि त्यातून नेचे, म्हणजे फर्न, उगवले होते. नेच्यांना बिया नसतात. धुळीइतके बारीक बीजाणू असतात आणि ते वाऱ्यावर कुठेही जातात. किनाऱ्यावर लाटांनी आणलेल्या बिया रुजल्या. मग गवत आलं, मग झुडपं. पुढच्या काही दशकांत उंबराच्या कुळातली झाडंसुद्धा आली, आणि हे फार मोठं नवल आहे. का ते सांगतो. उंबराच्या फळात बी धरायचं तर एक चिमुकली गांधीलमाशी लागते, डासापेक्षाही लहान. साधारण प्रत्येक जातीच्या झाडाची माशी वेगळी. म्हणजे पाखरांच्या किंवा वटवाघळांच्या पोटातून झाडाचं बी आलं एवढ्याने भागत नाही. चाळीसेक किलोमीटर समुद्र ओलांडून त्याच जातीच्या झाडाची माशीही यायला हवी. आणि ती आली!

थोडक्यात, बेटावर जायला झाडांकडे तीन वाहनं आहेत. वारा, पाणी आणि कुणाचं तरी पोट.

आता परत मुळशीत या. आपल्या समुद्र नसलेल्या बेटांवरही हीच तीन वाहनं चालतात.

वाऱ्याची गंमत बघायची तर फेब्रुवारी ते मे या दिवसांत जायचं. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात, उभे. किंजळाची पंखवाली फळं इतकी तांबूस आणि इतकी दाट येतात, की झाडाला मोहोर आलाय असं वाटतं. काटेसावर कापूस उडवते. कुड्याच्या लांब शेंगा तडकतात आणि प्रत्येक बी स्वतःचा रेशमी झुपका घेऊन बाहेर पडतं. माधवीलता नावाच्या दांडग्या वेलीच्या फळाला तीन पंख असतात, एक मोठा आणि दोन छोटे. ते वरून सोडलं की गरगर फिरत, सावकाश खाली येतं. हे फळ मिळालं तर दोन-तीनदा जिन्यावरून सोडून बघाच. त्याच्याबद्दल पुढे आणखी एक गोष्ट सांगायची आहे, तोवर लक्षात ठेवा.

पाण्याचं वाहन मात्र मुळशीत जरा जास्तच जोरात चालतं. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एकदा चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहरात सबंध वर्षात मिळून सातशेच्या आसपास पडतो! अशा पावसात ओढे जे काय वाहून नेत असतील ते नेत असतील. त्यातला माझा सगळ्यात आवडता प्रवासी गारंबी.

गारंबी ही वेल आहे, पण वेल म्हटल्यावर तुम्ही जाई-जुई आठवाल, तर तसं काही नाही. जुन्या देवराईतली गारंबी माणसाच्या मांडीएवढी जाड असते. पीळ घालत, वळसे घेत या झाडावरून त्या झाडावर जाते. पोरांना झोपाळ्यासारखं बसता येईल असे तिचे वेढे जमिनीजवळ लोंबतात. तिची शेंग मीटरभर, कधी त्याहूनही लांब असते, जणू एखाद्या राक्षसाने परसात वाल लावला होता. शेंगेत एकेका बीचा एकेक कप्पा. वाळली की कप्पे सुटे होतात आणि आतून निघते चपटी, गोल, गुळगुळीत, चकाकती तपकिरी बी. तळहातावर ठेवली तर मधला भाग झाकून टाकते. दगडासारखी टणक. आणि पाण्यात टाकली तर तरंगते!

ही कशी तरंगते? आत डाळीची दोन दळं असतात, त्यांच्यामध्ये हवेची पोकळी राहते. बाहेरचं कवच असं पक्कं, की कित्येक महिने खारं पाणी आत शिरत नाही. गारंबीच्या अमेरिकेतल्या बहिणीच्या बिया अटलांटिक महासागर ओलांडून आयर्लंड-नॉर्वेच्या किनाऱ्याला लागतात. तिकडच्या थंडीत त्या रुजत नाहीत, पण जुन्या काळी तिकडचे लोक त्या पोखरून तपकिरीच्या डब्या करायचे. गरम प्रदेशातल्या बेटांवर मात्र त्या रुजतात. म्हणून गारंबीच्या जातकुळीतल्या वेली आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पसरलेल्या आहेत.

आता जरा भूगोल करू. ताम्हिणीच्या माथ्यावर गारंबीची एक बी ओढ्यात पडली. उतार पूर्वेचा असेल तर तिने जायचं मुळा नदीत, पुण्यात संगमावर मुठा भेटणार, पुढे भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. अख्खा देश ओलांडायचा! उतार पश्चिमेचा असेल तर कोकणात कुंडलिका नदी, रोहा, रेवदंड्याची खाडी आणि अरबी समुद्र. म्हणजे हातभर इकडे पडली की एक समुद्र, हातभर तिकडे पडली की दुसरा. पूर्वेच्या बीला मधेच मुळशीचं धरण आडवं येतं, तो भाग वेगळा. मुळेचं तिथे अडवलेलं पाणी टाटांच्या वीजकेंद्रासाठी डोंगरातून पश्चिमेला भिऱ्याला उतरवतात, म्हणजे पूर्वेकडे निघालेलं पाणीही कोकणातच जातं. बीने तो रस्ता धरू नये. वाटेत टर्बाइन आहे. (या धरणात आपली गावं आणि भातशेती जाऊ नये म्हणून १९२१ मध्ये मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. सेनापती बापट हे नाव त्यातूनच पुढे आलं. घरच्या मोठ्यांना विचारा, ती गोष्ट या लेखात मावणार नाही.)

तिसरं वाहन पोटाचं. देवराईतली खरी वर्दळ याच वाहनाची.

भेर्ली माडाचं घ्या. नारळ-सुपारीच्या कुळातलं, उंच, सरळसोट झाड. पानांची टोकं तिरकी कातरल्यासारखी. पुणे जिल्ह्यातल्या अजिवलीच्या देवराईत ही झाडं मोठ्या संख्येने आहेत. हे झाड वर्षानुवर्षं नुसतं वाढत राहतं, फुलतच नाही. मग एकदा शेंड्याशी फुलोरा येतो, लांब वेण्यांसारखा सुटलेला. नंतर त्याच्या खालच्या पेऱ्याशी. मग त्याच्याही खाली. असं वरून खाली, वरून खाली, काही वर्षं चालतं, आणि सगळ्यात खालचे घोस पिकले की झाड मरतं. जन्मभराची सगळी फळं त्या थोड्या वर्षांत. आणि ही फळं तुम्ही मुळीच तोंडात घालू नका, हातही लावू नका. गरात डोळ्यांना न दिसणाऱ्या सुयांसारखे स्फटिक असतात, भयंकर खाज सुटते. पण उदमांजराला त्याचं काही नाही. रात्री सरसर वर चढतं, पोटभर खातं, पहाटेपर्यंत भटकतं, आणि एखाद्या खडकावर किंवा पायवाटेवर विष्ठा टाकतं. त्यात भेर्ली माडाच्या बिया जशाच्या तशा. धुऊन-पुसून, खतासकट, घरपोच.

जांभळं वटवाघळं नेतात. उंबर, नांदरुक, पिंपरीची फळं खायला धनेश, तांबट, बुलबुल, कोकीळ अशी सगळी पंगत बसते. करवंदांवर तर कोण ताव मारत नाही! माणसंसुद्धा मारतात आणि बिया चालता चालता थुंकत जातात, म्हणजे आपणही त्यातच आलो.

एकदा अशाच एका देवराईत काही मुलांबरोबर गेलो होतो. बाहेर मे महिन्याचं ऊन भाजत होतं. आत पाऊल टाकलं आणि सगळ्यांची बडबड आपोआप हळू झाली. पायाखाली पाचोळ्याचा असा थर, की पाय किंचित दबून परत वर येत होता. अंजनीची झाडं दाट. हीच ती, जिच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ चिकटून येतात आणि जिचं लाकूड लोखंडासारखं टणक म्हणून प्रसिद्ध आहे. मधे पिसा, नाणा, जांभूळ, आणि हिरड्याखाली पडलेले हिरडेच हिरडे. एका मुलीने त्यातला एक उचलून खिशात घातला. देवळाच्या पायरीवर एक आजी बसल्या होत्या, त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं, “ठेव गं बाय जिथल्या तिथं. हितलं काय न्यायचं नसतंय.”

“आजी, एकच घेतलाय.”

“एक न्हाय नि अर्दा न्हाय. वाळली काटकीबी न्हाय न्यायची. आईचं हाय समदं.”

“आणि तुमच्या घरी चुलीला लाकूड लागतं तेव्हा?”

“तवा दुसऱ्या डोंगराला जायाचं,” आजी म्हणाल्या. हिरडा परत जमिनीवर गेला.

हा नियम नेमका कधी सुरू झाला ते कुठे लिहिलेलं नाही. पण १९७०च्या दशकात पुण्याचे वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ या दोघांनी सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून अभ्यासल्या, तेव्हा त्यांना दिसलं की आजूबाजूचे डोंगर बोडके झालेत आणि जुनं रान उरलंय ते याच तुकड्यांमध्ये. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावची गोष्ट गाडगिळांनी सांगितली आहे. तिथली देवराई तुटायची वेळ आली, तेव्हा गावकरी मदत मागायला त्यांच्याकडे आले. का वाचवायची, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की आमचा पाण्याचा झरा त्या रानातून येतो. साधा हिशेब! रान राहिलं, तर पाणी राहिलं.

मात्र नुसतं कुणी काही तोडलं नाही म्हणजे बेट सुखरूप, असं नसतं. १९६७ मध्ये रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी बेटांचा एक नियम मांडला. बेट जितकं लहान तितक्या त्यावरच्या जाती कमी, आणि किनाऱ्यापासून जितकं लांब तितक्या आणखी कमी. हे तपासायला विल्सन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल सिंबरलॉफ यांनी जे केलं ते ऐकून तुम्ही खूश व्हाल. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ खारफुटीची इवली इवली बेटं आहेत. त्यांनी एकेका अख्ख्या बेटावर तंबू चढवला, धुरी देऊन आतले किडे-कोळी संपवले, तंबू काढला आणि मग मोजत बसले, कोण कोण परत येतं ते! वर्षभरात जातींची संख्या जवळपास पहिल्याइतकी झाली. पण किनाऱ्याजवळच्या बेटावर पाहुणे भराभर आले, आणि लांबच्या बेटावर रखडत, कमी आले.

म्हणून मुळशीत एका देवराईपासून दुसरी किती लांब आहे आणि मधे काय आहे, याला एवढं महत्त्व. वाहन चालायला वाट हवी.

आणि वाहनच गायब झालं तर? त्यासाठी आपल्याला मॉरिशसला जावं लागेल. तिथे आज मराठी बोलणारी, गणपती बसवणारी घरं आहेत. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात आपल्याकडून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले होते. त्याच्याही आधी, १६३८ मध्ये, तिथे डच लोक येऊन राहिले होते. बेटावर काळ्याभोर लाकडाचं एबनी हे झाड होतं, डोडो हा न उडणारा पक्षी होता आणि प्रचंड कासवं होती. डचांनी एबनी तोडली. डोडो संपला, पुढे कासवंही संपली. मुख्य बेटाच्या किनाऱ्याजवळ इल-ओ-एग्रेत नावाचं पंचवीस-सव्वीस हेक्टरचं एक छोटं बेट आहे. तिथे थोडी एबनी वाचली होती. लोकांनी तोड थांबवली. तरी ज्या भागातली झाडं तुटली होती तिथे एबनी पुन्हा येईना. झाडांना फळं धरत होती, पण ती जड. पडायची ती आईच्या पायाशीच, आणि तिथेच कुजायची. त्यांना उचलून नेणारं पोट जगातून नाहीसं झालं होतं.

मग तिथल्या लोकांनी अल्डाब्रा बेटावरच्या जातीची मोठी कासवं आणून सोडली. परक्या बेटावरची, पण खाण्याच्या सवयी तशाच. कासवांनी एबनीची फळं खाल्ली, आपल्या चालीने बेटभर हिंडली, आणि जागोजागी रोपं उगवायला लागली. पोटातून गेलेलं बी तर जास्त चांगलं रुजतं, असं २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्धही केलं.

याच मॉरिशसच्या रानात आणखी कोण आहे माहितीये? आपली माधवीलता, ती तीन पंखांची भिरभिरी! कुणीतरी बागेसाठी नेली. तिथे मात्र ती मोकाट सुटलीये. मूळच्या झाडांवर चढून त्यांचा सगळा उजेड अडवते, आणि रान सांभाळणारी माणसं कोयते घेऊन तिच्या मागे लागलेली असतात. इथे ती शहाण्यासारखी राहते, कारण इथे तिला खाणारे किडे आहेत, तिच्याशी उंचीत झगडणारी झाडं आहेत, सगळे जुने शेजारी.

उलटही घडतं. आपल्या रस्त्यांच्या कडेचा गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. तो बिचारा फारसा त्रास देत नाही. गिरिपुष्पाचं तसं नाही. मध्य अमेरिकेतलं हे झाड आपल्या डोंगरांवर हजारोंनी लावलं गेलं. भराभर वाढतं, गुरं फारशी खात नाहीत, वसंतात गुलाबी फुलांनी देखणं दिसतं, म्हणून. डोंगर हिरवा झाला हे खरं. पण त्याला रसाळ फळ नाही, नुसत्या कोरड्या शेंगा. धनेश येऊन खाणार काय? उदमांजर काय खाणार? दोन देवरायांच्या मधे गिरिपुष्पाचं रान लावलं तर लांबून समुद्र आटल्यासारखा दिसेल खरा, पण मधे थांबून खायला एक उंबरसुद्धा नाही. मधे चार उंबर, दोन जांभळं आणि करवंदीच्या जाळ्या असतील, तर बियांची वाहतूक आपली आपण सुरू होते. मला विचाराल तर मुळशीतल्या प्रत्येक बंगल्याच्या कुंपणाला करवंद हवी. काटे आहेत, चोर येणार नाही, आणि लोणचंही होतं.

आता तुमचं काम. एक बादली पाण्याने भरा. बिया मात्र बाजारातून, परसातून किंवा रस्त्याकडेच्या झाडाखालून आणायच्या. देवराईतून नाही, आजी बघतायत! जांभळाचं बी, चिंचोका, शिकेकाईची शेंग, बेहडा, सुपारी, सालीसकट सुकलेला नारळ, जे मिळेल ते पाण्यात टाका आणि कोण तरंगतं, कोण बुडतं ते वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, आठ दिवसांनी पुन्हा, कारण काही जण सुरुवातीला ऐटीत तरंगतात आणि मग गुपचूप तळाला जातात. शेवटी मिठाच्या पाण्यात हेच सगळं परत करा. जांभळाचं बी उरलं तर वाळवून ठेवू नका, ते लवकर मरतं. लगेच मातीत दाबा. आणि आंब्याची कोय ओली असताना टाकली तर काय होतं, नि चांगली वाळवून टाकली तर काय होतं, ते मी सांगणार नाही. आंबे खायला तेवढंच एक निमित्त.